सातवीच्या वर्गातला प्रश्न : वाफ होताना पाणी शुद्ध होते, तर खाडीच्या प्रदूषणाची काळजी कशाला?

प्रश्न : विज्ञानशिक्षिका, ठाणे पूर्व

नमस्कार. मी कोपरी भागातील एका मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. मागच्या आठवड्यात जलचक्र शिकवून झाले. फळ्यावर नेहमीची आकृती काढली होती : समुद्र, सूर्य, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, नदी आणि पुन्हा समुद्र. दुसऱ्या दिवशी जलप्रदूषणाला सुरुवात केली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारले, "बाई, काल तुम्हीच सांगितलंत ना, समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ खालीच राहतं आणि पाऊस गोडा पडतो. मग खाडीत घाण गेली तर काय बिघडलं? तिचीपण वाफ होईल आणि शुद्ध पाणी परत येईल."

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण माझ्याच आकृतीवरून त्याने काढलेला निष्कर्ष होता आणि त्या क्षणी मला त्यातली चूक दोन वाक्यांत सांगता येईना. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली आणि घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की, हा दोष त्या मुलाचा नसून आमच्या शिकवण्याचा आहे. जलचक्र हा एक धडा आणि प्रदूषण हा दुसरा, अशी आम्ही मध्ये भिंत घालतो. पहिल्या धड्याच्या चित्रात ना नळ असतो, ना गटार, ना खाडी. आणि दुसऱ्या धड्यात कारखान्याच्या पाइपमधून काळे पाणी पडताना दाखवले की त्या पाण्याचा पुढचा प्रवास कोणी विचारत नाही. तुमच्या घरच्या नळाला पाणी कुठून येते, असे मी नंतर विचारून पाहिले, तर निम्म्याहून अधिक हात "गच्चीवरच्या टाकीतून" या उत्तराला वर गेले.

आमची शाळा खाडीपासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. वर्गात बावन्न मुले, तास पस्तीस मिनिटांचा आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट व एक बेसिन. या मुलाला काय उत्तर द्यावे, आणि ते नुसते सांगण्याऐवजी करून दाखवता येईल का, याबद्दल जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त रसायनज्ञ, कळवा

बाई, मी तीस वर्षे जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्या मुलाचे निम्मे म्हणणे बरोबर आहे आणि उत्तराची सुरुवात त्या निम्म्यापासूनच करावी. मीठ खाली राहते, हे त्याला पाठ आहे, आता "खाली म्हणजे कुठे?" एवढेच त्याला विचारा.

तुमच्या शाळेला तर याचा पुरावा शोधायला लांब जाण्याची गरज नाही. कोपरीत मीठबंदर आहे. मुले रोज ते नाव उच्चारतात, पण तिथे मिठाचा काय संबंध, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मिठागरात भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात, ऊन त्यातले पाणी उचलून नेते आणि समुद्राच्या दर लिटर पाण्यामागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार जमिनीवर उरतात. मिठागर म्हणजे जलचक्राचा आपण चित्रात न दाखवलेला भाग होय. बाण वर गेला, पण बाणाच्या बुडाशी काय राहिले, ते तिथे ढिगाने रचून ठेवलेले दिसते. ज्या न्यायाने मीठ मागे राहते, त्याच न्यायाने शिसे, पाऱ्याचे क्षार, रंग आणि तेलाचे जड अंशही मागे राहतात. तेव्हा मुलाला द्यायचे दोन वाक्यांचे उत्तर मला असे सुचते : वाफ होऊन गेलेले पाणी शुद्ध असते हे खरे, पण मासे राहतात ते मागे उरलेल्या पाण्यात. आणि दर वेळी पाणी तेवढे निघून जाते, घाण मात्र साठत जाते.

साठत जाते म्हणजे काय होते, यासाठी जपानमधील मिनामाता हे उदाहरण सातवीच्या मुलांना नीट समजते. तिथल्या एका रासायनिक कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षे उपसागरात जात होते. पाण्यात त्याचे प्रमाण अगदी थोडे, पण शिंपल्यांत आणि माशांत ते वाढत गेले, आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद होण्याच्या आधी गावातली मासे खाणारी मांजरे झटके येऊन मरत होती. त्या उपसागरावरही ऊन पडतच होते आणि वाफ होतच होती.

जलचक्र मंद असते म्हणून घाण साचते, असेही नाही. हे गणित मुलांकडून करून घ्या. पृथ्वीवरच्या हवेतली सगळी वाफ एकदम खाली पाडली, तर सरासरी जेमतेम २५ मिलिमीटर पाण्याचा थर होईल. वर्षभरात जगभराच्या सरासरीने पाऊस पडतो सुमारे १,००० मिलिमीटर. म्हणजे हवेतले पाणी वर्षातून चाळीस वेळा बदलते, दर नऊ-दहा दिवसांनी एकदा. चक्र इतके वेगाने फिरते, पण ते पाण्याचे चक्र आहे. शिशाला त्यात जागा नाही.

आता प्रयोग. एक पसरट परात घ्या. तिच्यात दोन पेले पाणी, तीन चमचे मीठ आणि थोडी निळी शाई घाला. मधोमध रिकामी जड वाटी ठेवा. वरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून दोऱ्याने बांधा आणि कागदावर बरोबर वाटीच्या वर एक खडा ठेवा, म्हणजे कागद तिथे खोलगट होईल. ऑक्टोबरच्या उन्हात तीन-चार तासांत वाटीत बिनरंगाचे पाणी जमते. हा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो आणि बहुतेक जण वाटीतले पाणी दाखवून तो संपवतात. माझी विनंती अशी की, वाटी बाजूला काढा, कागद काढून टाका आणि परात दोन-तीन दिवस गच्चीत पूर्ण वाळू द्या. तळाला जो निळसर पापुद्रा उरतो, तो तुमचा प्रदूषणाचा धडा.

एक सावधगिरी. "काहीच वर जात नाही" असे मात्र मुलांना सांगू नका, कारण ते खरे नाही. हाच प्रयोग दुसऱ्या भांड्यात शाईऐवजी व्हिनेगर घालून केला, तर वाटीतल्या थेंबांनी निळा लिटमस तांबडा होतो. अमोनिया, पेट्रोल हेही असेच उडून वर जातात. शिवाय धुराड्यांतून थेट हवेत गेलेला सल्फर डायऑक्साइड पावसात मिसळतो आणि पाऊस आम्ल होतो. कोणता पदार्थ पाण्याबरोबर उडतो आणि कोणता मागे राहतो, हे त्या पदार्थावर ठरते.

उत्तर २ : माध्यमिक शिक्षक, ऐरोली

काकांनी मिठागराचे उदाहरण दिले आहे. मी त्याला जोडून तिवराचे पान सुचवतो. खाडीकाठी जी कांदळवने आहेत, त्यांत आपल्याकडे तिवर सर्वांत जास्त. हे झाड खारे पाणी मुळांनी घेते आणि पानांतून वाफेच्या रूपाने सोडते. पाणी गेले की आत घेतलेल्या मिठाचे काय करायचे, ही तुमच्या विद्यार्थ्याची शंका झाडालाही पडतेच, आणि ते जास्तीचे मीठ पानावर बाहेर टाकते. पाऊस नसलेल्या दिवसांत सकाळी उशिरा एखादे पान उन्हाकडे तिरके धरून भिंगातून पाहिले, तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. काळ्या कार्डशीटवर पान हलके झटकले की पांढरे ठिपके पडतात. आमच्या लहानपणी आम्ही ते पान सरळ चाटत असू. आता खाडीचे पाणी पाहता मुलांना तसे करू देऊ नये. पानही शिक्षकानेच एखादे दाखवावे. बावन्न मुलांनी बावन्न पाने तोडायला नकोत, आणि कांदळवन संरक्षित असते, हेही त्या निमित्ताने सांगता येईल.

सहल न्यायचीच असेल, तर उघड्या काठावर नेण्याऐवजी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात न्या. वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे ते केंद्र आहे आणि चिखलात न उतरता सगळे पाहता येते. निघण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठेवा. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते आणि आजची वेळ उद्या साधारण पन्नास मिनिटे पुढे जाते, त्यामुळे मागच्या आठवड्यातला अंदाज चालत नाही. एकदा मी तो आळस केला आणि चाळीस मुलांना घेऊन पोहोचलो, तेव्हा सगळे पक्षी पाणी चढल्यामुळे उडून गेले होते.

पक्ष्यांवरून एक महत्त्वाचा मुद्दा. मुले, आणि खरे सांगायचे तर पालकही, म्हणतात की खाडीत एवढे फ्लेमिंगो येतात म्हणजे पाणी चांगलेच असणार. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्यामुळे हा समज आणखी पक्का झाला आहे. पण लहान फ्लेमिंगोचे मुख्य खाणे म्हणजे नीलहरित शैवाल, आणि सांडपाण्यातून येणारे नायट्रोजन-फॉस्फरस हे त्या शैवालाचे खत. पक्षी आले, म्हणून पाण्याला शुद्धतेचे प्रमाणपत्र मिळत नाही. या एका मुद्द्यावर आमच्या आठवीत अर्धा तास वाद झाला होता, आणि माझ्या मते तो तास त्या वर्षातला सर्वांत चांगला तास होता.

उत्तर ३ : पर्यावरण अभियंता, नेरूळ

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. "घाण मागे राहते आणि साठते" हे धातूंना आणि क्षारांना लागू पडते. घरगुती सांडपाण्यातली बहुतेक घाण मात्र तशी साठून राहत नाही, ती कुजते. म्हणजे निसर्ग ती साफ करतो, हे त्या मुलाचे म्हणणे पुन्हा थोडे खरे ठरते. फक्त साफ करणारे ऊन नसून जिवाणू आहेत, आणि त्या साफसफाईला ऑक्सिजन लागतो. तो ते पाण्यातून घेतात. खाडीतला मासा मरतो, तो बहुधा विषाने नव्हे, तर गुदमरून.

आकडे सांगतो, कारण ते मुलांना गुणाकाराने काढता येतात. ३० अंश तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. एक लिटर घरगुती सांडपाणी कुजवायला जिवाणूंना साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, यालाच बीओडी म्हणतात. म्हणजे एक लिटर सांडपाणी जवळजवळ तीस लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकते. आणि दूध? दुधाची बीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असते. सकाळी नाक मुरडून मोरीत ओतलेला २०० मिलिलिटरचा पेला म्हणजे वीस ग्रॅम ऑक्सिजनची मागणी, म्हणजेच अडीच हजार लिटरांहून अधिक पाणी निष्प्राण. माझ्या मुलीने हे गणित केल्यावर दूध प्यायला सुरुवात केली, असे मी म्हणणार नाही. ती आता ते मांजराला घालते.

हे डोळ्यांनी दाखवता येते. मत्स्यपेट्यांच्या दुकानात मिथिलिन ब्ल्यू नावाचे औषध मिळते. दोन पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत रात्रभर उघडे ठेवलेले नळाचे पाणी घ्या, म्हणजे त्यातले क्लोरिन निघून जाईल. एका बाटलीत चमचाभर साखर आणि बेकरीतले यीस्ट घाला, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींत या औषधाचे तीन-चार थेंब टाका, पाणी तोंडापर्यंत भरा आणि हवेचा बुडबुडा न ठेवता बूच लावा. यीस्टने ऑक्सिजन संपवला की त्या बाटलीचा निळा रंग जातो. कोमट पाणी असेल, तर तुमच्या पस्तीस मिनिटांच्या तासातही बदल दिसू लागतो. मग थोडे पाणी ओतून टाका, बूच लावा आणि बाटली जोरात हलवा. हवा मिसळते आणि निळा रंग परत येतो. हे पाहून मुले हमखास "पुन्हा, पुन्हा" म्हणतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मोठमोठे पंप टाकीत रात्रंदिवस हवा सोडतात, ते याचसाठी. पुढे जिवाणूंचा गाळ खाली बसवतात आणि वरचे पाणी सोडतात. विरघळलेले मीठ मात्र तिथेही निघत नाही, आणि कारखान्यातल्या धातूंसाठी वेगळी प्रक्रिया आधीच करावी लागते. हा भाग काकांच्या बाजूने.

फळ्यावरच्या आकृतीबद्दल एक सूचना. डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये शहर काढायला लावा. ठाण्याच्या मुलांनी भातसा आणि उल्हास नद्या, नवी मुंबईच्या मुलांनी मोरबे धरण, मग शुद्धीकरण केंद्र, गच्चीवरची टाकी, नळ, मोरी, भुयारी गटार, प्रक्रिया केंद्र आणि खाडी. पावसाच्या पाण्यासाठी वेगळी नाली काढायला विसरू नये, कारण पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, टायरची भुकटी आणि पिशव्या त्याच वाटेने कोणत्याही प्रक्रियेविना खाडीत जातात. शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजून घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे ५०० चौरस मीटरच्या छपरावरून साडेबारा लाख लिटर. पूर्वी त्यातले बरेच जमिनीत मुरत होते. आता शाळेच्या पटांगणातही पेव्हर ब्लॉक असतात.

उत्तर ४ : चेंदणी कोळीवाडा, ठाणे

मी शिक्षक नाही, पण खाडीबद्दल चर्चा चालली आहे म्हणून लिहितो. आमच्या आजोबांच्या तोंडी खाडीच्या पाण्याला दोन शब्द होते, उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची मोठी भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची लहान. वाशीकडे खाडी रुंद आहे, ठाण्याच्या टोकाला ती अरुंद होत जाते आणि पुढे उल्हास नदीला जोडणारी वाट तर फारच चिंचोळी. त्यामुळे इथे पडलेली वस्तू ओहोटीबरोबर निघते, थोडी पुढे जाते आणि पुढच्या भरतीला परत येते. भांगाच्या दिवसांत तर पाणी जागच्या जागी झुलत असते. तुमच्या आकृतीत नदी एकाच दिशेने समुद्रात जाते. आमची खाडी दिवसातून चार वेळा दिशा बदलते, हे मुलांना सांगावे.

जिताडा, कोलंबी, चिंबोरी, निवटी ही नावे मुलांना विचारून पाहा. कोळीवाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला अर्धा तास वर्गात बोलवा. आमच्याकडची माणसे बोलायला लाजतात, पण जाळे हातात दिले की थांबत नाहीत. आता जाळ्यात मासळीआधी पिशव्या येतात, तेही ते दाखवतील.

विज्ञानशिक्षिका, ठाणे पूर्व

सर्वांचे मनापासून आभार. काकांचे दोन वाक्यांचे उत्तर मी त्या मुलाला दिले. त्याने ते ऐकून घेतले, पण "पण दिसत तर नाही ना बाई" असे म्हणाला, म्हणून शनिवारी परातीचा प्रयोग लावला. पहिल्या वेळी खडा वाटीच्या नेमका वर आला नाही आणि थेंब परत परातीतच पडले. दुसऱ्या वेळी जमले. बाटल्यांचा प्रयोगही केला आणि अभियंता साहेबांनी लिहिल्याप्रमाणे ती बाटली सगळ्यांनी इतक्या वेळा हलवली की शेवटी रंग जाईनासाच झाला. पुढच्या महिन्यात ऐरोलीला जायचे ठरवले आहे, वेळापत्रक पाहून. कोळीवाड्यातल्या एका आजींनी यायचे कबूल केले आहे. दुधाचे गणित मात्र मी मुद्दाम डब्याच्या सुट्टीआधी घेतले.

परात वाळायला तीन दिवस लागले. तळाशी निळसर पांढरा पापुद्रा धरला होता आणि कडेला मिठाचे चौकोनी खडे दिसत होते. सगळ्यांचे पाहून झाल्यावर दोन मुली ती धुवायला बेसिनकडे निघाल्या, तेव्हा त्याच मुलाने त्यांना अडवले आणि मला विचारले, "बाई, हे आता धुऊन टाकलं तर कुठे जाईल?" बेसिनच्या पाइपवर बोट ठेवून वर्गाने मोरी, गटार, प्रक्रिया केंद्र, खाडी अशी सगळी वाट म्हणून दाखवली. मिठाचे काय होणार, यावर दोघांचे भांडण झाले. परात अजून तशीच कपाटावर ठेवलेली आहे.